डबा रिकामा द्यायचा नसतो

आमच्या बचत गटाची वेबसाईट आता पुण्याच्या एका कंपनीकडं आहे. दिसते झकास. फोटो असे, की खारवडी बघूनच तोंडाला पाणी सुटावं. अक्षरं टपोरी, आणि चूक एकही सापडणार नाही. सापडणार कशी? आमच्यापैकी कुणाला तिला हातच लावता येत नाही. काही बदलायचं असलं तर कंपनीला मेल करायचा, मग तिकडून फोन येतो आणि फार गोड आवाजात विचारलं जातं, मॅडम, नक्की काय हवंय? आता गटाची अध्यक्ष मी. सगळं छान आहे म्हणते आणि फोन ठेवते. मनात मात्र तेच येतं, की आमचा खालचा पट्टा कुठं गेला?

हा पट्टा म्हणजे काय ते सांगायचं तर आधी आमच्या घरातली भिंत सांगावी लागेल.

गाव पारनेरच्या पठारावरचं. पावसाच्या भरवशावर मूग, वाटाणा, बाजरी. घरात दोघे भाऊ. वाटणी झाली तेव्हा अंगणात कंबरेएवढी भिंत आली. पलीकडं थोरले दीर आणि थोरल्या जाऊबाई, अलीकडं आम्ही. सासूबाई एक महिना इकडं, एक महिना तिकडं. वाटणीत कुणाचा आवाज चढला नाही. लोक म्हणायचे, घर असावं तर असं. आवाज चढला नंतर, आणि तोही माझ्या एकटीचाच, माझ्याच स्वयंपाकघरात. कारण एक डबा.

डबा माझ्या माहेरचा. स्टीलचा, कडीचा, वर वडिलांचं नाव घातलेला. एका पावसाळी दुपारी मी हुलग्याचे शेंगोळे केले होते. सासूबाई तेव्हा पलीकडच्या घरी होत्या आणि शेंगोळे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हणून डबा भरून भिंतीवरून दिला. संध्याकाळी डबा परत आला. घासलेला, पुसलेला, लख्ख. आणि रिकामा.

आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे काय कुणाला शिकवावं लागतं? काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी, चार शेंगा टाकाव्यात, लसणाच्या दोन पाकळ्या टाकाव्यात. रिकामं भांडं देणं म्हणजे तुमचं-आमचं संपलं असं तोंडानं न बोलता सांगणं. मी डबा उलटा करून झटकलासुद्धा, न जाणो बुडाला काही चिकटलं असेल. त्या दिवशी मी बोलणं टाकलं. जाऊबाईंनी का म्हणून विचारलंही नाही. झालं, अबोला पडला तो पडलाच.

अबोला धरला म्हणून ‘अहो’ मात्र सुटलं नाही. राग रागाच्या जागी, थोरलेपण थोरलेपणाच्या जागी. नळाला पाणी आलं की मी कोंबड्यांना म्हणायची, "आक्कांना सांगा गं, पाणी आलंय." पलीकडून त्या म्हशीला म्हणायच्या, "समजलं म्हणावं." कोंबड्यांनी आणि म्हशीनं आमचं बरंच काम केलं. राहिलेलं सासूबाई करायच्या, आणि प्रत्येक निरोपात आपलं थोडं तिखट घालायच्या.

त्यात गावानं बचत गट काढला आणि दोघींना एकाच गटात बसवलं. त्या अध्यक्ष, मी सचिव. बैठकीत त्या समोरच्या बाईकडं बघून म्हणायच्या, "सचिवांना इचारा, मागच्या वेळी काय ठरलं हुतं." मी खिडकीकडं बघून उत्तर द्यायची. बाकीच्या बायका एकदा इकडं, एकदा तिकडं माना वळवायच्या. त्यांच्या माना दुखत असतील, पण कुणी गट सोडला नाही. फुकटची करमणूक कोण सोडतं?

वेबसाईट केली माझ्या भाचीनं. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करायची. लॉकडाऊनमध्ये सगळी ऑफिसं घरी आली, तेव्हा ती आमच्याकडं येऊन राहिली. तिच्या कामापुरतं नेट फक्त गच्चीवर मिळायचं. ती वर पत्र्याच्या सावलीत बसून काम करायची आणि खाली आमच्या खारवड्या, सांडगे, शेंगदाण्याची चटणी पडून असायची, कारण आठवडी बाजार बंद. तिला वाईट वाटलं असणार. तिनं एके दिवशी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं, तोंडाला पदर लावून लांब लांब बसवलं आणि समजावून सांगितलं.

तिचं सांगणं सोपं होतं. प्रत्येकीच्या वस्तूचं एकेक पान. पानाचा मधला भाग जिचा तिचा. वरचा पट्टा आणि खालचा पट्टा मात्र सगळ्या पानांना एकच. त्याला टेम्प्लेट म्हणायचं. वर गटाचं नाव, खाली पत्ता आणि फोन. तिथं एकदा बदललं की सगळीकडं आपोआप बदलतं. पुढं जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा ही गंमत आम्हाला खरी कळली. जाऊबाईंनी खालच्या पट्ट्यात एकदाच नवं नाव लिहिलं आणि सगळ्या पानांवर ते आलं. मी मात्र पाकिटांवरचे छापलेले कागद पेनानं दुरुस्त करत बसले होते. बोटं आखडून गेली. बोलण्यात अजूनही नगरच येतं, ती गोष्ट वेगळी.

बदल करायचा अधिकार कुणाला द्यायचा, असं भाचीनं विचारलं. ती म्हणाली, एकीकडंच ठेवा, नाहीतर गोंधळ होईल. बायकांना ते पटलं नाही. आमच्या गटाच्या पेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तिघींकडं. एकीच्या हातात सगळं दिलं की गट मोडतो, हे आम्ही शेजारच्या गावात पाहिलं होतं. म्हणून अधिकार सगळ्यांना मिळाला. भाचीनं कपाळाला हात लावला.

आता खरी कुरापत तिनंच केली. आमच्या घरचा येसूर गावात नावाजलेला. येसूर म्हणजे बाजरी, डाळ, धणे असं सगळं खरपूस भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ, आमटीला लावतात. तो सासूबाईंनी आम्हा दोघींना शिकवला, दोघी करतो. मला वाटलं, दोन पानं मिळतील. भाची म्हणाली, "मावशी, येसूर एक, घर एक, तर पान एकच." आणि खाली उतरून जेवायला बसली.

मग आमची खरी लढाई सुरू झाली. मी पान उघडलं की मोबाईलवर यायचं, दुसरं कुणीतरी हे पान बदलत आहे, थोडं थांबा. माझ्याच येसुराला मी थांबायचं! भिंतीपलीकडं खाटेवर बसून त्या एका बोटानं एकेक अक्षर हुडकत असायच्या. त्यांचं खोकणं मला ऐकू यायचं. त्यांनी लिहिलं, बाजरी तांबूस होईस्तोवर भाजावी. मी ‘मंद आचेवर’ घातलं. त्यांनी ते काढून ‘चुलीवर’ घातलं. मी लिहिलं, गॅसवरही चालते. दुपारपर्यंत ते वाक्य गेलेलं. मी धण्यांचं प्रमाण लिहिलं, त्यांनी जिऱ्याचं वाढवलं. त्यांनी फोटो लावला, मी ताटली बदलून दुसरा लावला.

सासूबाई कधी माझ्याकडून, कधी त्यांच्याकडून ते वाचून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "दोघी माजंच लिवताय, मग भांडताय कशापाई?"

पण खरं सांगते, साईटवर सगळ्यात चांगलं पान तेच झालं. मागणीही त्यालाच जास्त. इतक्या वेळा घासलेलं वाक्य लख्ख होणारच. त्यांनी काढलेलं आणि मी पुन्हा घातलेलं जे उरलं, ते खरोखर लागणारंच होतं. कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या बाईनं फोन करून सांगितलं, की वाचताना आई शेजारी बसून सांगतेय असं वाटतं. मी म्हटलं, दोन आया आहेत त्यात, आणि एकमेकींशी बोलत नाहीत. तिला तो विनोद वाटला.

याच काळात पट्ट्याचा घोळ झाला. भाची पुण्याला परत गेली होती. आमच्या बायका आपापल्या पानावर काम करायच्या, आणि काम झालं की वरच्या नाहीतर खालच्या पट्ट्यात काहीतरी ठेवून यायच्या. कुणी तुळशीचा फोटो, कुणी उखाणा, कुणी पोळ्याच्या शुभेच्छा. एकीनं नव्या सुनेसकट आख्ख्या घराचा फोटो ठेवला. पट्टा सगळ्यांचा, त्यामुळं हे सगळं सगळ्या पानांवर दिसायला लागलं. गिऱ्हाईक सांडगे बघायला यायचं आणि आधी त्याला तीन बैल, दोन रांगोळ्या आणि एक जावळ बघावं लागायचं. साईट उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात चहा व्हावा.

भाची फोनवर चिडली. तिनं सगळं पुसून टाकलं आणि पट्ट्याला कुलूप घातलं; पत्ता बदलायची मुभा तेवढी अध्यक्षांना ठेवली. बायकांची तोंडं उतरली. बैठकीत सांडगेवाली म्हणाली, "सगळ्यांची वस्तू आपण वापरायची आन् तशीच रिकामी माघारी द्यायची? बरं दिसतं का ते?"

मी हे भाचीला फोनवर सांगितलं. मग ती म्हणाली, तुम्ही त्याला भांडं समजलात होय. तिला आमच्या घरचाच डबा आठवला असणार, कारण तिनं पुढं काही वाद घातला नाही. खालच्या पट्ट्यात फोनच्या वर तिनं एका ओळीची जागा करून दिली. नियम असा, की आधीचीचं काढायचं आणि आपलं ठेवायचं. एकावेळी एकच. फोटो नाही.

ती ओळ म्हणजे आमच्या गटाचा जीव झाली. वस्तू विकायच्या राहिल्या बाजूला, सकाळी उठून बायका आधी ओळ बघायच्या. वाटाण्याच्या सालांची भाजी कशी करावी. मुलीच्या घरी पाळणा हलला. नदीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी आलीत. कुणी नुसतं लिहायचं, आज लई ऊन हाय. आणि ते वाक्य दिवसभर चटणीखाली, खारवडीखाली, येसुराखाली सगळीकडं. एवढा आनंद मला या नव्या साईटनं कधी दिला नाही.

फक्त एक गोष्ट मला डाचत होती. जाऊबाईंची पाळी दुसऱ्या कुणाच्या मागून आली, तर त्या छान काहीतरी ठेवायच्या. चुलीवरच्या दुधाला खालून लागू नये म्हणून काय करावं, हे त्यांचंच. पण माझ्या मागून आली, तर माझी ओळ पुसायच्या आणि जागा कोरी सोडायच्या. काहीच नाही. लख्ख पांढरी. तोच डबा पुन्हा. आणि आता तो सगळ्या जगासमोर. मी सासूबाईंकडं तक्रार केली तर त्या म्हणाल्या, "तू तरी तिच्यासाठी ठेवतीस का गं काय? गिऱ्हाइकासाठीच ठेवतीस न्हवं?"

मग जाऊबाईंचे गुडघे गेले. अंगणातून विहिरीपर्यंत जाणं होईना. मुलगा चाकणला कारखान्यात, त्यानं तिथं फ्लॅट घेतला होता. तो म्हणाला, आई-अण्णांना आता कायमचं नेतो. शेत वाट्यानं दिलं, म्हैस विकली. मी ते सगळं भिंतीवरून बघत होते. मला वाटायचं, चला, सुटले. आणि भाकरी थापताना हात मध्येच थांबायचा. त्या गेल्या की येसुराच्या पानावर कुणी थांबा म्हणणार नाही. खोकणं नाही. न बोलायलाही समोर माणूस लागतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, की हा अबोला असाच चाकणला जाईल आणि मग तो मोडायला कुणाला जागाच उरणार नाही. पण आधी कुणी बोलायचं? मी? रिकामा डबा मी नव्हता दिला.

जायच्या दिवशी टेम्पो आला. मी सकाळीच हुलग्याचं पीठ मळलं, शेंगोळे केले. तोच कडीचा डबा काढला, भरला आणि भिंतीवर नेऊन ठेवला. बोलले काही नाही. सासूबाई त्या महिन्यात माझ्याकडंच होत्या, ओट्यावर बसून बघत होत्या. जाऊबाई काठी टेकत आल्या, डबा उचलला, आत गेल्या. मी वाट बघत राहिले. आज तरी काहीतरी घालतील. साखर घालतील. आणि पुन्हा रिकामा आला तर काय करायचं, हेही मी ठरवून ठेवलं होतं. तो विहिरीत टाकायचा.

खाट चढली, कणगी चढली, पिठाचे डबे चढले. जाऊबाई सासूबाईंच्या पाया पडल्या. दोघी रडल्या. मी तुळशीजवळ उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि टेम्पोत पुढं बसल्या. टेम्पो निघाला आणि वळणावरून दिसेनासा झाला.

भिंतीवर डबा नव्हता. मी पलीकडं गेले. स्वयंपाकघर झाडून ठेवलेलं, फडताळं उघडी, कुठं चिमूटभर मीठसुद्धा नाही. डबा कुठंच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायचं तर नाहीच, वर माझ्या वडिलांच्या नावाचा डबा घेऊन गेल्या. मी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि त्या हसायला लागल्या. मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

त्या आठवड्यात मी मोबाईल हातात घेतला नाही. मग एका सकाळी सांडगेवाली पळत आली आणि म्हणाली, "ओळ बघितली का तुमी?" मी उघडलं. खाली, फोनच्या वर, लिहिलं होतं:

"धाकटे, डबा माझ्याकडं हाय. आवराआवरीत घरात काय उरलं नव्हतं. रिकामा द्यायचा नव्हता."

मी ते सांडग्यांच्या पानावर वाचलं. मग चटणीच्या पानावर वाचलं. मग खारवडीच्या. सगळीकडं तेच होतं. शेवटी येसुराच्या पानावर गेले आणि तिथं मला रडू आलं.

त्या दिवसापासून ओळीचा नियम मोडला. बायका आपापल्या पानावर काम करायच्या, पण ती ओळ कुणी पुसेना. कुणी आपलं ठेवेना. मी कुणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, हा डबा विकायला आहे का, कितीला आहे? भाचीनं पुण्याहून विचारलं, मावशी, हे चुकून पडलंय का, काढू का? मी म्हटलं, हात लावू नकोस.

मग मी फोन केला. माझ्या मोबाईलमध्ये त्यांचा नंबर गटाच्या कामामुळं होताच, पण कधी दाबला नव्हता. त्यांनी उचलला. मी म्हटलं, "आक्का, गुडघे कसे हायत?"

त्या गुडघ्यांचं बोलल्या. लिफ्टचं बोलल्या, ती बंद पडते. खालच्या मजल्यावरच्या बाईचं बोलल्या, तिला बाजरीची भाकरी येत नाही. एवढं सगळं झाल्यावर मी विचारलं, की मग त्या वेळी रिकामा का दिला होतात? मला वाटलं, त्या म्हणतील, आठवत नाही. पण त्या म्हणाल्या, "घरात शेंगा हुत्या, साखर हुती. आत्याबाई दिसभर तुझ्या शेंगोळ्याचं कौतुक करीत बसल्या. म्हनल्या, अशी चव मला बी कधी जमली न्हाई. त्याचा राग आला मला. दुसरं काय न्हाई."

मी हसले. इतकी वर्षं मी त्या रिकाम्या डब्यात केवढं काय काय पाहिलं होतं, आणि आत होतं माझंच कौतुक. चूक त्यांचीच होती, आजही माझं मत तेच आहे. पण ते कौतुक मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तुला सांगितलं आस्तं तर तू चढून बसली आस्तीस."

ती ओळ पुढं बरेच महिने होती. मग भाचीला तिकडं काम वाढलं, साईट सांभाळणं जमेना, आणि मागणी वाढल्यावर गटानं ठरवलं की कंपनीला द्यावी. कंपनीच्या माणसांनी जुनी पानं पाहिली आणि सगळं चांगलं चांगलं घेतलं. येसुराचं पान जसंच्या तसं घेतलं. खालच्या ओळीबद्दल म्हणाले, हे काय आहे? आमच्या डिझाईनमध्ये बसत नाही. मी समजावून सांगायला लागले, पण ते कागदावर सांगण्यासारखं नव्हतं. ओळ गेली.

जाऊबाई दिवाळीला येतात, उन्हाळ्यात येसूर करायला येतात. भिंत आहे तशीच आहे, आता तिच्यावर बसून आम्ही धणे निवडतो. येताना त्या दर वेळी काहीतरी आणतात, कधी प्लास्टिकच्या डब्यात, कधी नुसतं फडक्यात. आणि दर वेळी अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणतात, "डबा राह्यला बघ, धाकटे." मी म्हणते, राहू द्या. शेंगोळे केले की आता मी ते दुसऱ्या भांड्यात काढते. वडिलांच्या नावाचा डबा चाकणला आहे, आणि तो त्यांनी कधीच परत आणू नये असं मला वाटतं.